जुन्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरच्या पॉवर सप्लायमधील कपॅसिटर बदलण्याची रीत

इंदूरच्या रामबाग, मल्हारगंज, लोकमान्यनगर या भागांतील बऱ्याच मराठी घरांत १९७५ ते १९९० च्या दरम्यान घेतलेला एखादा स्टिरिओ अँप्लिफायर अजूनही कपाटात असतो. कोणाकडे सोनोडाइन किंवा कॉस्मिकसारखा देशी संच असतो, तर कोणाकडे आखातातून नातेवाइकाने आणलेला जपानी. या संचांचा ट्रान्सफॉर्मर सहसा बिघडत नाही आणि २एन३०५५ सारखे धातूच्या टोपीचे आउटपुट ट्रान्झिस्टरही नीट वापरल्यास दशकानुदशके टिकतात. वयाप्रमाणे हमखास थकतात ते इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, आणि त्यांतही पॉवर सप्लायमधील दोन मोठे. ते बदलणे घरच्या टेबलावर होण्यासारखे आहे, मात्र हे देखभालीचे काम आहे, सुधारणेचे नव्हे. मूळ रचनाकाराने निवडलेल्या मूल्याचा, चांगल्या प्रतीचा आणि योग्य मापाचा नवा कपॅसिटर बसवून संच पूर्वीसारखा चालू करणे एवढेच उद्दिष्ट ठेवले, तर त्यात बिघडण्यासारखे फार थोडे उरते. बहुतेक नुकसान ‘आता उघडलेच आहे तर’ या विचाराने होते.

हा लेख ज्यांना सोल्डरिंग आणि मल्टिमीटरचा सराव आहे त्यांच्यासाठी असून तो फक्त जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर असलेल्या ट्रान्झिस्टर संचांना लागू आहे. व्हॉल्व्हच्या संचात कित्येक शे व्होल्ट असतात, आणि हलक्या वजनाच्या आधुनिक संचांतील एसएमपीएसच्या, म्हणजे स्विचिंग पद्धतीच्या पॉवर सप्लायच्या, मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट थेट घरच्या विजेशी जोडलेले असतात. त्या दोहोंना पुढील रीत लावू नये.

कपॅसिटर थकतो म्हणजे काय होते

ट्रान्सफॉर्मरमधून आलेली ५० हर्ट्झची वीज ब्रिज रेक्टिफायर एकाच दिशेने वळवतो, त्यामुळे सेकंदाला १०० उसळ्या मिळतात. दोन उसळ्यांच्या मधल्या काळात अँप्लिफायरला लागणारा प्रवाह कपॅसिटर पुरवतो. इंदूरकरांना हे सांगायला गच्चीवरची टाकी पुरेशी आहे: नर्मदेचे पाणी ठरावीक वेळीच येते, नळ मात्र दिवसभर चालतो, आणि टाकी लहान झाली की पुढचे पाणी येण्याआधीच नळाची धार बारीक होते. आकड्यांत सांगायचे तर १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर २ अँपिअरचा भार असताना व्होल्टेज प्रत्येक उसळीमागे सुमारे २ व्होल्टने खालीवर होते; तोच कपॅसिटर आटून ४,७०० वर आला असेल, तर हा चढउतार, म्हणजे रिपल, ४ व्होल्टच्या पुढे जातो. परिणामी स्पीकरमधून हम, म्हणजे सततचा घुमणारा आवाज, ऐकू येतो आणि ढोलकी-पखवाजाच्या ठोक्यावर आवाज वेळेआधीच फाटतो.

कपॅसिटरच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये इलेक्ट्रोलाइटमध्ये भिजवलेला कागद असतो. तळाशी असलेल्या रबरी बुचातून हा द्रव वर्षानुवर्षे अतिशय सावकाश बाहेर पडतो. मग धारिता घटते आणि आतला रोध, ज्याला ईएसआर म्हणतात, वाढतो. या झिजेचा वेग तापमानावर अवलंबून असतो, आणि तंत्रज्ञ वापरतात तो ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. कपॅसिटरवर ‘८५ अंश’ छापलेले असेल आणि त्याचे हमीचे आयुष्य २,००० तास असेल, तर ४५ अंशांवर ते ३२,००० तास होते; रोज ४ तास संच चालवल्यास ही जवळपास २२ वर्षे झाली. मात्र मे महिन्यातल्या इंदुरात बंद शोकेसमध्ये ठेवलेल्या संचाच्या आत ५५ अंश सहज भरतात, आणि तेथे तोच हिशेब ११ वर्षांवर येतो. संचाच्या वर डीव्हीडी प्लेयर, त्यावर विणलेला रुमाल आणि त्यावर फुलदाणी अशी जी मांडणी आपल्या घरांतून आवडीने केली जाते, ती या दृष्टीने फार महागात पडते. न वापरता ठेवलेला संचही सुरक्षित नसतो, कारण व्होल्टेज न मिळाल्याने पट्टीवरील ऑक्साइडचा थर हळूहळू कमजोर होतो.

झाकण उघडण्यापूर्वी कानाने तपास

हम आला म्हणजे कपॅसिटर गेला, असा निष्कर्ष लगेच काढू नये. सर्व इनपुट केबल काढून ठेवाव्यात आणि व्हॉल्यूम शून्यावर आणावा. केबल काढताच किंवा व्हॉल्यूम कमी करताच हम नाहीसा होत असेल, तर दोष केबल, अर्थिंग किंवा सुरुवातीच्या सर्किटमध्ये आहे. व्हॉल्यूम शून्यावर असूनही दोन्ही स्पीकरमधून सारखाच हम येत असेल, तर पॉवर सप्लायवर संशय घ्यावा. एकाच बाजूला हम असल्यास, दोन्ही बाजूंना एकच सप्लाय असलेल्या संचात मोठे कपॅसिटर सहसा निर्दोष असतात आणि त्या बाजूच्या बोर्डातच काहीतरी बिघडलेले असते.

हमाची जात ओळखणेही उपयोगी ठरते. केबल किंवा अर्थिंगमधून येणारा हम बहुधा ५० हर्ट्झचा, खोल आणि गोल असतो. रिपलमुळे येणारा १०० हर्ट्झचा आणि जरा खरखरीत असतो. ज्यांचा कान गाण्याला सरावलेला आहे त्यांना यासाठी यंत्राचीही गरज नाही. पुरुष गायकाच्या पांढरी एकच्या तानपुऱ्यातील पंचमाची तार सुमारे ९८ हर्ट्झवर बोलते, तर काळी एकचा पंचम १०४ च्या आसपास येतो. १०० हर्ट्झचा हम या दोहोंच्या मध्ये पडतो. इंदूर घराण्याच्या अतिविलंबित गायकीचे एखादे रेकॉर्डिंग लावून सुरुवातीचा तानपुरा ऐकावा. पांढरी एकच्या पंचमाशी हम सेकंदाला साधारण दोनदा आंदोलन घेताना स्पष्ट ऐकू येतो, आणि एकदा ओळखला की तो पुन्हा विसरता येत नाही.

उघडणे आणि चार्ज उतरवणे

येथे घाई करू नये. स्विच बंद करणे पुरेसे नाही, कारण जुन्या संचांचा स्विच एकच तार तोडतो आणि घरातल्या सॉकेटमध्ये फेज कोणत्या बाजूला आहे याचा भरवसा नसतो. प्लगच सॉकेटमधून काढून डोळ्यांसमोर ठेवावा. अंगठी, कडे, धातूचे घड्याळ उतरवावे. १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ५० व्होल्टला साधारण साडेबारा ज्यूल ऊर्जा साठते. एका रेलवरच्या, म्हणजे अधिक आणि उणे अशा दोन पुरवठा-वाहिन्यांपैकी एकीवरच्या, ५० व्होल्टने माणसाला सहसा मोठी इजा होत नाही, पण दोन्ही रेलच्या मध्ये हात पडल्यास १०० व्होल्ट लागतात, आणि तेवढ्या ऊर्जेने अंगठी तापून बोट भाजू शकते.

चार्ज उतरवण्यासाठी १ किलोओहम, ५ वॅटचा सिरॅमिक रोध घेऊन त्याच्या दोन्ही टोकांना तारा आणि मगरीचे चिमटे लावावेत, व सांधे स्लीव्हने झाकावेत. हा रोध प्रत्येक कपॅसिटरच्या दोन टोकांवर एक मिनिटभर धरावा आणि लगेच मीटरने व्होल्टेज पाहावे. अधिक आणि उणे या दोन्ही रेल स्वतंत्रपणे तपासाव्यात, कारण एक रिकामी झाली तरी दुसरी बराच वेळ भरलेली राहू शकते. रोध काढल्यावर काही मिनिटांनी पुन्हा मोजावे; मोठ्या कपॅसिटरमध्ये थोडे व्होल्टेज आपोआप परत येते. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडण्याची पद्धत दुकानांतून अजून दिसते, पण तिने टोके जळतात, आतील जोडणीला धक्का बसतो आणि पातळ ट्रॅक उडू शकतो.

डोळ्यांनी आणि मीटरने तपास

कपॅसिटरचे वरचे झाकण सपाट असावे. ते फुगलेले असेल, तळाचे बूच बाहेर आलेले असेल किंवा पायांपाशी ओलसर, हिरवट डाग असेल, तर पुढच्या मोजणीची गरज नाही. मात्र तळाशी दिसणारा तपकिरी, कडक थर म्हणजे गळती असे समजण्याची गल्लत नेहमी होते. तो बहुतेक वेळा कारखान्यात मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून लावलेला गोंद असतो. मुळात तो फिकट पिवळा आणि मऊ असतो. उष्णतेने तो तपकिरी, ठिसूळ होतो, आणि अशा अवस्थेत काही जातींचा गोंद वीज वाहू लागतो व शेजारच्या रोधांचे पाय, जंपर तारा कुरतडून टाकतो. म्हणजे कपॅसिटर शाबूत असला तरी गोंद काढावा लागतोच. अशा बोर्डावर गोंदाखाली दडलेल्या जंपर तारेला नखाने हलकेच हलवून पाहावे. वरून अखंड दिसणारी तार खाली हिरवी पडून तुटलेली निघते.

त्यानंतर स्पीकर काढून ठेवून संच चालू करून मोजणी करावी आणि आकडे वहीत लिहावेत. मोजताना एक हात मागे ठेवावा आणि मीटरची काळी तार चिमट्याने ग्राउंडला आधीच लावून ठेवावी. प्रत्येक रेलचे डीसी व्होल्टेज, स्पीकरच्या टोकांवरील डीसी ऑफसेट (गाणे वाजत नसतानाही तेथे उरणारे डीसी व्होल्टेज) आणि रेलवरील रिपल हे तीन आकडे महत्त्वाचे आहेत. गाणे वाजत नसताना संच एका रेलमधून १०० मिलिअँपिअर घेत असेल आणि कपॅसिटर ४,७०० मायक्रोफॅरडचा असेल, तर चढउतार सुमारे ०.२ व्होल्टचा असतो आणि मीटरच्या एसी रेंजवर ०.०६ व्होल्टच्या आसपास वाचन येते. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसल्यास दोष जवळपास पक्का. स्वस्त मीटर एसी रेंजवरही डीसी मोजून भलताच आकडा दाखवतात, म्हणून मीटरच्या तारेच्या मालिकेत १ मायक्रोफॅरडचा, १०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर घ्यावा.

रिपल जास्त दिसला तरी ब्रिज रेक्टिफायर तपासल्याशिवाय थांबू नये. त्यातील एक डायोड उघडा पडला, तर एका रेलला सेकंदाला १०० ऐवजी ५० च उसळ्या मिळतात आणि निर्दोष कपॅसिटरवरही रिपल दुप्पट होतो. वीज काढून व चार्ज उतरवून डायोड रेंजवर चारही डायोड पाहावेत. प्रत्येक एका दिशेने ०.५ ते ०.६ व्होल्ट दाखवतो, उलट दिशेने काही नाही. बाहेर काढलेल्या कपॅसिटरची धारिता छापील आकड्याच्या ८० टक्क्यांच्या आत आली असेल, तर त्याला निवृत्त करावे. १०,००० मायक्रोफॅरडच्या चांगल्या कपॅसिटरचा ईएसआर ०.०३ ओहमच्या आसपास असतो. इतका लहान रोध साध्या टेस्टरवर नीट कळत नाही, पण ०.२ किंवा ०.३ ओहम दिसले तर शंकेला जागा राहत नाही.

नवा कपॅसिटर निवडणे

धारिता मूळ आकड्याएवढी किंवा फार तर दीडपट घ्यावी. जुन्या संचांत ८,२०० किंवा १२,००० असे आकडे असतात. ८,२०० च्या जागी १०,००० आणि १२,००० च्या जागी १५,००० चालतो. ४,७०० काढून २२,००० बसवण्याचा मोह मात्र आवरावा. चालू करण्याच्या क्षणी रिकामा मोठा कपॅसिटर जवळजवळ शॉर्ट सर्किटसारखा वागतो. त्यामुळे फ्यूज जातो, ब्रिजवर ताण येतो, आणि पुढेही भरण्याचा प्रवाह अधिक उंच, अरुंद झटक्यांनी येत असल्याने ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. ‘बास वाढतो’ असे जे सांगितले जाते, ते थकलेला कपॅसिटर बदलल्यावर खरे असते, चांगल्याच्या जागी चौपट मोठा घातल्यावर नव्हे.

व्होल्टेजच्या बाबतीत उलट सढळ असावे. समजा ट्रान्सफॉर्मर ३५-०-३५ चा, म्हणजे मधल्या तारेपासून दोन्ही बाजूंना ३५ व्होल्ट देणारा, असून तो २२० व्होल्टसाठी गुंडाळलेला आहे. आपल्याकडे पुरवठा २३० चा मानला जातो, पण तो वर जातो. रात्री उशिरा, मोहल्ल्यातील भार उतरल्यावर आपल्या सॉकेटमध्ये किती व्होल्ट येतात हे एकदा मोजून ठेवावे. २४५ आले, तर ३५ चे ३९ होतात आणि रेल सुमारे ५४ व्होल्टवर जाते. तेथे मूळचा ५० व्होल्टचा कपॅसिटर तग धरणार नाही, ६३ चाच घ्यावा. मूळ ६३ चा असेल तर ८० चा. जपानी संचाच्या मागे व्होल्टेज निवडण्याचा स्विच असल्यास तो २४० वर आहे ना, हे याच वेळी पाहून घ्यावे.

तापमानाचा दर्जा १०५ अंशांचा घ्यावा, दोन्ही रेलसाठी एकाच कंपनीचे व एकाच खेपेचे कपॅसिटर घ्यावेत, आणि खरेदीला जाण्यापूर्वी जुन्याचा व्यास, उंची व पायांतील अंतर पट्टीने मोजून न्यावे. दोन जाड पाय असलेल्या स्नॅप-इन प्रकारात हे अंतर बहुधा १० मिमी असते. काही जुन्या प्रकारांना आधारासाठी तीन-चार पाय असतात, त्यांतील विजेचे दोन कोणते हे ट्रॅक पाहून ठरवावे. स्क्रूच्या टोकांचा आणि पट्ट्याने आवळलेला मोठा डबा असेल, तर त्याच मूल्याचा नवा कपॅसिटर बारीक निघतो. अशा वेळी पट्टा वाजवीपेक्षा आवळू नये, मध्ये रबरी पट्टी गुंडाळावी.

महारानी रोडवरच्या दुकानांत ४,७०० व १०,००० मायक्रोफॅरडचे ५० आणि ६३ व्होल्टचे कपॅसिटर मिळतात, कारण लाउडस्पीकर आणि डीजेचे अँप्लिफायर जोडणाऱ्यांना तेच लागतात. गणेशोत्सवाच्या आधीचे दिवस टाळावेत. त्या काळात दुकानदाराला एका जोडीसाठी बोलायला सवड नसते. निचिकॉन, रुबिकॉन, पॅनासॉनिक अशी नावे छापलेला माल फारच स्वस्त मिळत असेल, तर सावध व्हावे, कारण नकली वेष्टन चढवलेले कपॅसिटर बाजारात येतात. आकारावरून पुष्कळ कळते: १०,००० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा अस्सल कपॅसिटर साधारण ३० ते ३५ मिमी व्यासाचा आणि ४० ते ५० मिमी उंचीचा असतो, तोच आकडा २२ मिमीच्या डब्यावर छापलेला असल्यास तो हातातसुद्धा घेऊ नये. वजनाला हलका, वेष्टन सैल, स्पिरिटच्या बोळ्याने छपाई पुसली जाते, अशा वस्तू परत कराव्यात. माझ्या मते या एका वस्तूसाठी अधिकृत वितरकाकडून मागवण्याचा खर्च आणि चार दिवसांची वाट परवडते. नाशिकची अल्कॉन, केरळची केल्ट्रॉन या देशी कंपन्याही हे कपॅसिटर बनवतात.

नवा कपॅसिटर दुकानात अनेक वर्षे पडून राहिलेला असेल, तर तो सरळ बसवू नये. बेंच सप्लायमधून १ किलोओहमच्या रोधामार्फत त्याला हळूहळू काम करण्याच्या व्होल्टेजपर्यंत न्यावे आणि रोधावरील व्होल्टेज घटत जाऊन नगण्य होईपर्यंत ठेवावे. ऑक्साइडचा थर अशाने पुन्हा बनतो.

जुना काढणे

काढण्यापूर्वी वरून आणि खालून, भरपूर उजेडात, छायाचित्रे घ्यावीत. कपॅसिटरवरील उणे चिन्हाची पट्टी कोणत्या दिशेला आहे हे त्यांत स्पष्ट दिसले पाहिजे. बोर्डावरही मार्करने खूण करावी.

येथे २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न चालत नाही. ग्राउंडचा रुंद तांब्याचा पट्टा उष्णता ओढून घेतो, सोल्डर अर्धवट वितळते, आपण जोर लावतो आणि पॅड उखडतो. ६० ते ८० वॅटची आयर्न आणि रुंद टोक घ्यावे. जुन्या सांध्यावर आधी थोडे नवे ६०/४० सोल्डर घालावे. ताज्या फ्लक्समुळे जुने सोल्डर लवकर वाहते, मग पंपाने किंवा तांब्याच्या जाळीने ते शोषून घ्यावे. एका वेळी तीन-चार सेकंदांहून अधिक उष्णता देऊ नये आणि न सुटल्यास बोर्ड थंड होऊ द्यावा. त्या काळातील तपकिरी कागदी फिनॉलिक बोर्डांवर तांबे फारच हलक्या पकडीने चिकटलेले असते, त्यामुळे ही सबुरी तेथे जास्त लागते. कपॅसिटर ओढू नये. दोन्ही पाय आळीपाळीने तापवत तो किंचित डोलवावा आणि मोकळा झाला की आपणच वर येतो. गोंदाने धरले असल्यास बांबूच्या किंवा प्लास्टिकच्या पातळ पट्टीने आधी तो कापावा. धातूचे पाते ट्रॅकवर चालवू नये.

जागा मोकळी झाल्यावर उरलेला गोंद खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड स्वच्छ करावा. शेजारचे सांधे भिंगाखाली पाहावेत. मोठ्या कपॅसिटरच्या वजनाने आणि वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने पायाभोवती बारीक गोल भेग पडलेली असते, ती नव्या सोल्डरने भरून निघते. पॅड उखडलाच, तर कपॅसिटरचा पाय आणि ट्रॅकचा पुढचा शाबूत भाग यांना जाड तारेने जोडावे. नुसत्या सोल्डरचा पूल करून भागवू नये.

नवा बसवणे

या कामातील सर्वांत घातक चूक एकच आहे: कपॅसिटर उलटा बसणे. आणि ती बहुधा उणे रेलवर होते. अधिक रेलच्या कपॅसिटरचे अधिक टोक रेलला आणि उणे टोक ग्राउंडला असते, हे सर्वांच्या ध्यानात असते. उणे रेलचा कपॅसिटर मात्र उलट दिशेने लागतो, कारण तेथे ग्राउंड हेच अधिक आहे. म्हणून त्याचे अधिक टोक ग्राउंडला आणि पट्टी असलेले उणे टोक उणे रेलला जाते. शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन कपॅसिटरच्या पट्ट्या त्यामुळे कधी एकाच दिशेला, कधी परस्परविरुद्ध दिसतात, आणि ‘दोन्ही सारखेच दिसले पाहिजेत’ असा डोळ्याचा आग्रह येथे दगा देतो. बोर्डावरील छपाईवरही विसंबू नये. काही कंपन्या अधिक बाजूला चिन्ह देतात, तर काही उणे बाजूचे अर्धवर्तुळ काळे करतात. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेपासून कोणत्या पॅडपर्यंत सलगता आहे हे मीटरने पाहावे, तो पॅड ग्राउंडचा. ब्रिजच्या उणे पायाशी जोडलेला पॅड उणे रेलचा. मग छायाचित्राशी ताडून पाहावे. तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय सोल्डर लावू नये.

कपॅसिटर बोर्डाला टेकवून सरळ बसवावा, म्हणजे त्याचे वजन सांध्यांवर येत नाही. तापणाऱ्या रोधांपासून आणि हीट सिंकपासून तो जितका लांब तितके बरे. सांधा पुरेशा उष्णतेने भरावा, तो चकचकीत व पायाभोवती उतरता दिसावा. दर्जेदार आवाजासाठी सोबत छोटा फिल्म कपॅसिटर समांतर लावावा अशी एक समजूत आहे. मूळ रचनेत तो नसेल तर मी लावत नाही, कारण मोठ्या व छोट्याच्या जोडीत कधीकधी नको असलेले अनुनाद तयार होतात आणि कानाला फायदा मात्र कळत नाही.

पहिल्यांदा वीज देणे

संच सरळ सॉकेटमध्ये लावू नये. लाकडी फळीवर एक होल्डर आणि एक सॉकेट घेऊन, फेजच्या तारेत बल्ब मालिकेत येईल असा सिरीज बोर्ड तयार करावा. बल्ब तारेचा, म्हणजे फिलामेंटचाच हवा; एलईडी येथे निरुपयोगी आहे. लहान संचाला ६० वॅटचा, मोठ्याला १०० वॅटचा पुरतो. स्पीकर काढलेले, व्हॉल्यूम शून्यावर, डोळ्यांवर चष्मा, आणि चेहरा कपॅसिटरच्या वर नाही, अशा तयारीने स्विच दाबावा.

बल्ब क्षणभर लख्ख पेटून एक-दोन सेकंदांत मंदावला आणि तार जेमतेम लालसर राहिली, तर सर्व ठीक आहे. ती सुरुवातीची लख्ख झाक म्हणजे रिकामे कपॅसिटर भरल्याची खूण. बल्ब तसाच पेटलेला राहिला, तर ताबडतोब प्लग काढावा, चार्ज उतरवावा आणि कपॅसिटरची दिशा, ब्रिज व सोल्डरचे थेंब तपासावेत. उलटा बसलेला कपॅसिटर बल्बमुळे सावकाश तापतो आणि फुटण्याआधी सावरायला वेळ मिळतो, हाच या साध्या फळीचा मोठा उपयोग. मंद बल्बवर दोन्ही रेल नेहमीपेक्षा थोड्या कमी, पण आपापसांत सारख्या असाव्यात. काही संचांतील संरक्षक रिले एवढ्या व्होल्टेजवर टिक करत नाही, त्याची काळजी करू नये.

त्यानंतर बल्ब काढून संच थेट विजेवर घ्यावा. रेल आधी वहीत लिहिलेल्या आकड्यांच्या एक-दोन व्होल्ट इकडेतिकडे असाव्यात, रिपल कमी झालेला असावा, आणि स्पीकरच्या टोकांवरील डीसी ऑफसेट ५० मिलिव्होल्टच्या आत असावा. ऑफसेट १०० च्या वर असल्यास स्पीकर जोडू नयेत. तो दोष अँप्लिफायर बोर्डाचा असतो, सप्लायचा नव्हे. फक्त मोठे कपॅसिटर बदलले असल्यास बायसचे, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरचा स्थिर प्रवाह ठरवणारे, छोटे स्क्रू फिरवण्याचे कारण नाही. तरी खात्रीसाठी आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटर रोधावरील व्होल्टेज मोजता येते, ०.२२ ओहमच्या रोधावर १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ४५ मिलिअँपिअर प्रवाह. संचाची सर्व्हिस पुस्तिका मिळाल्यास त्यातील आकडाच प्रमाण मानावा. अर्धा तास संच चालवून, वीज काढून व चार्ज उतरवून कपॅसिटरला हात लावावा. तो खोलीइतका किंवा किंचित कोमट असावा. दोहोंपैकी एकच गरम लागला, तर त्याला काढून पुन्हा मोजावे. स्पीकर लावायचे ते त्यानंतरच, आणि पहिल्यांदा घरातले सर्वांत स्वस्त असतील ते.

लहान कपॅसिटरांचे काय

मोठे दोन गेले म्हणजे बोर्डावरचे लहानही गेले असतील, असे गृहीत धरून सगळेच एका बैठकीत काढू नयेत. गरम रोधांना व हीट सिंकला चिकटून असलेले १०, ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आधी मोजावेत, कारण लहान आकाराचे उष्णतेने अधिक लवकर आटतात. प्री-अँपला १५ व्होल्टच्या आसपास वीज देणाऱ्या झेनरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या डायोडच्या) शेजारचे त्यांत पहिले असतात. एका वेळी एकाच चॅनलचे बदलावेत, म्हणजे काही बिघडल्यास दुसरा चॅनल ताडून पाहायला शाबूत राहतो. ज्यांच्यावर उणे पट्टी नाही किंवा ‘बीपी’, ‘एनपी’ असे छापलेले आहे ते दोन्ही दिशांना चालणारे असतात, त्यांच्या जागी तसेच घ्यावेत.

नव्या कपॅसिटरच्या वेष्टनावर बदलल्याची तारीख मार्करने लिहावी आणि रेल, रिपल व ऑफसेटचे आधीचे व नंतरचे आकडे कागदावर लिहून तो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावा. पुढे जो कोणी उघडेल त्याचा निम्मा वेळ वाचेल. काढलेले कपॅसिटर ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. इंदूर महापालिकेच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो. टोके टेपने झाकून ते त्यात द्यावेत, आणि गळका असेल तर आधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा.